शून्य कुठलं धरलंय? टूलरूममध्ये कॅड आणि सीएमएमवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

टूलरूममधल्या माझ्या पहिल्या महिन्यात फोरमन एकच प्रश्न सारखा विचारायचे. मी हाइट गेज लावून सांगायचो, "सर, होल बेचाळीस पॉइंट तीनला आहे." ते विचारायचे, "कुठून?" मी म्हणायचो, "साइडपासून." "कुठल्या साइडपासून? ग्राइंड केलेल्या, की गॅस कटच्या?" भोसरीतल्या त्या शेडमध्ये तेव्हा कॉम्प्युटर एकच होता आणि सीएमएमचं (कोऑर्डिनेट मेजरिंग मशिन, म्हणजे जॉबला प्रोबचा बॉल टेकवून मापं घेणारं मशिन) काम बाहेरून करून आणावं लागायचं. आता डिझाइनची सीट आणि सीएमएमची रूम यांमध्ये माझी दिवसातून दहा-बारा चकरा होतात, आणि त्यांचा तो प्रश्न अजून रोज उपयोगी पडतो.

आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड करून किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी शिकून जी मुलंमुली येतात, त्यांना कमांड चांगल्या येतात. एनएक्स असो, क्रिओ असो की सॉलिडवर्क्स, दोन-तीन महिन्यांत बटणं हाताखालची होतात. गाडी अडते ती दुसरीकडेच. मॉडेलमध्ये शून्य एक, मशिनवर जॉब लावताना दुसरं आणि सीएमएमवर मोजताना तिसरंच धरलेलं असतं. मग तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि टूल मात्र चुकतं. म्हणून फाइल आल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत हे एक शून्य कसं सांभाळायचं, ते क्रमाने सांगतो. उदाहरण प्लास्टिक मोल्डचं घेतलंय, कारण माझी बरीच वर्षं त्यात गेली. प्रेस टूलवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. त्यांना शिंकेजच्या (प्लास्टिक थंड होताना आटतं त्याच्या) जागी कटिंग क्लिअरन्स आणि स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा मागे येतो तो) सांभाळायचा असतो.

१. फाइल आली की लगेच डिझाइनला बसू नका

ग्राहकाकडून बहुतेक वेळा स्टेप फाइल येते, क्वचित आयजीईएस. उघडली की पहिलं काम एककाचं. ड्रॉइंगवरचं एखादं ठळक माप घ्या आणि तेच मॉडेलवर मोजा. आकडा २५.४ पट मोठा किंवा लहान आला तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे. हे इतकं साधं आहे की कुणी तपासतच नाही, आणि लहान पार्ट असला की स्क्रीनवर कळतही नाही.

मग मॉडेल सॉलिड आहे का ते बघा. वजन किंवा व्हॉल्यूम काढायची कमांड द्या. उत्तर आलं नाही, तर ते नुसतं सर्फेसचं कवच आहे आणि कुठेतरी फट आहे. आयजीईएसमध्ये हे फार होतं. सॉफ्टवेअर फट आपोआप बुजवून देतं, पण बुजवताना शेजारचा फेस थोडा सरकवूही शकतं. त्यामुळे दुरुस्तीनंतरचं मॉडेल मूळ फाइलवर ठेवून फरक बघा. ही पाच मिनिटं मी कधीच वाचवत नाही.

आता ड्रॉइंग शेजारी ठेवा. रिव्हिजन नंबर जुळतो का? प्रोजेक्शनचं चिन्ह कोणतं आहे? आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं. डावा-उजवा पार्ट असेल तर इथली चूक थेट स्टीलमध्ये उतरते. ड्रॉइंग आणि मॉडेल जुळत नसतील तर कोणतं धरायचं, हे स्वतः ठरवू नका. ग्राहकाला ईमेल करून लेखी घ्या. फोनवर "मॉडेल धरा" म्हणणारा माणूस ट्रायलच्या वेळी दुसऱ्या डिपार्टमेंटला गेलेला असतो.

नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते ती एकतर्फी टॉलरन्स. ड्रॉइंगवर २५ असतं, वर ०.२, खाली शून्य. मॉडेल काढणाऱ्याने नेमकं २५.० काढलेलं असतं. तुम्ही मॉडेलप्रमाणे टूल केलंत तर पार्ट टॉलरन्सच्या अगदी काठावर बसेल, आणि पॉलिश पेपरचे चार हात फिरले की बाहेर जाईल. अशी सगळी मापं शोधा, मॉडेल मधल्या आकड्यावर आणा, म्हणजे इथे २५.१ वर. मग पुढचा विचार: पहिल्या ट्रायलनंतर सुधारणा करावी लागली तर ती स्टील काढून करता आली पाहिजे. स्टील काढणं सोपं असतं, भरायला वेल्डिंग लागतं. म्हणून पार्टमधलं होल करणारी कोअर पिन मोठ्या बाजूला ठेवायची, पार्टची बाहेरची बाजू देणारी कॅव्हिटी लहान बाजूला. आमच्याकडे याला स्टील सेफ म्हणतात. १० ± ०.१ च्या होलसाठी शिंकेज धरण्याआधी पिन १०.०५ च्या आसपास धरली, तर दोन्हीकडे जागा राहते.

२. शून्य ठरवा, मगच शिंकेज लावा

चाकणच्या पट्ट्यातलं काम म्हणजे बहुतांशी गाड्यांचं. गाडीच्या पार्टची फाइल उघडली की पार्ट दिसतच नाही, कारण तो शून्यापासून दोन-अडीच हजार मिलिमीटर लांब, गाडीतल्या आपल्या खऱ्या जागेवर असतो. मोल्डसाठी आपल्याला नवं शून्य हवं. झेड अक्ष मोल्ड उघडण्याच्या दिशेत घ्या. एक्स-वायचं शून्य ड्रॉइंगवरच्या ए, बी, सी डेटमशी (मापं जिथून धरायची त्या फेसशी) सरळ नातं सांगेल अशा जागी घ्या. मूळ जागेपासून किती सरकवलं आणि किती फिरवलं ते आकडे डिझाइन शीटवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ग्राहक सुधारित फाइल पाठवतो, तेव्हा ती नेमकी त्याच जागी बसवायला हे आकडे लागतात.

शिंकेज नंतर. क्रम उलटा झाला तर काय होतं बघा. एबीएसला साधारण अर्धा टक्का शिंकेज धरतात. पार्ट शून्यापासून २३०० मिलिमीटरवर असताना स्केलची कमांड त्या दूरच्या शून्याभोवती दिली, तर पार्ट मोठा होतोच, वर अख्खा ११.५ मिलिमीटर सरकतो. पार्टचा आकार बरोबर दिसतो, त्यामुळे संशय येत नाही. दोन किंवा चार कॅव्हिटीच्या टूलमध्ये आधी एका पार्टला शिंकेज द्यायचं, मग त्याच्या प्रती मांडायच्या. आधी मांडून मग स्केल केलं तर कॅव्हिटीमधलं अंतरही वाढतं आणि मोल्ड बेसच्या पॉकेटशी इन्सर्ट (त्या पॉकेटमध्ये बसणारा कोअर किंवा कॅव्हिटीचा तुकडा) जुळत नाही.

आता भागाकार की गुणाकार, हा नेहमीचा वाद. २ टक्के शिंकेजचं अ‍ॅसिटल घ्या, पार्टचं माप १६०. मोल्डमधलं माप दोन टक्क्यांनी आटून १६० व्हायला हवं असेल, तर १६० भागिले ०.९८, म्हणजे १६३.२६५. कुणी १.०२ ने गुणलं तर १६३.२. फरक ०.०६५ मिलिमीटरचा. एबीएसच्या अर्ध्या टक्क्याला हाच फरक ४ मायक्रॉन येतो, तिथे कुणाला पत्ता लागत नाही. म्हणूनच गुणाकाराची सवय लागते आणि पुढे जास्त आटणाऱ्या मटेरियलला नडते. सॉफ्टवेअरमध्ये स्केल फॅक्टर आपण हाताने टाकतो, तेव्हा १ ला ०.९८ ने भागून आलेला १.०२०४०८ टाका. शिंकेजचा आकडा मटेरियलच्या डेटाशीटवरून घ्या आणि ग्राहकाकडून मान्य करून घ्या. काच भरलेल्या नायलॉनला प्रवाहाच्या दिशेत आणि आडव्या दिशेत वेगवेगळं शिंकेज येतं, तिथे एकच फॅक्टर लावून चालत नाही.

३. ड्राफ्ट असलेल्या भिंतीचं माप म्हणजे कुठल्या उंचीचं?

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण डिझाइनवाला आणि सीएमएमवाला यांची निम्मी भांडणं इथे होतात.

४० मिलिमीटर उंचीच्या कोअरला १ अंश ड्राफ्ट (पार्ट सहज निघावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) आहे. वर आणि खाली यांमध्ये एका बाजूला ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो, दोन्ही बाजू मिळून १.४. ड्रॉइंगवर नुसतं "८०" लिहिलंय. कुठल्या पातळीवर ८०? डिझाइन करताना ड्राफ्ट पार्टिंग लाइनपासून (मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथून) आत वळवला असेल तर पार्टिंगवर ८०, आणि वरच्या टोकाला ७८.६. सीएमएमवर बसलेला माणूस प्रोब सोयीच्या उंचीला लावतो आणि ७९.३ आलं म्हणून जॉब बाजूला ठेवतो. दोघंही खरं बोलत असतात.

बारीक परिणाम त्याहून फसवा आहे. झेडचं शून्य १ मिलिमीटरने चुकलं तर १ अंश ड्राफ्टवर एका बाजूचं माप साडेसतरा मायक्रॉनने बदलतं. म्हणजे शट-ऑफच्या (मोल्डचे दोन अर्धे एकमेकांना टेकून प्लास्टिक अडवतात त्या) फेसवर झेडचं शून्य ०.२ ने इकडेतिकडे झालं, तरी दोन्ही बाजू मिळून ७ मायक्रॉन कारण नसताना रिपोर्टमध्ये येतात. म्हणून मी मोजमापाच्या शीटवर प्रत्येक ड्राफ्टच्या मापासमोर उंची लिहितो: "झेड १२.०० ला ७९.५८". डिझाइनमध्येही त्या उंचीला एक सेक्शन काढून ठेवतो. सीएमएमवाल्याला पीडीएफमध्ये ते चित्र गेलं की प्रश्नच उरत नाही.

टेक्स्चर असेल तर ड्राफ्ट वाढवा. टेक्स्चरच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीला एक ते दीड अंश हा चालत आलेला हिशेब आहे. कमी दिला तर पार्ट निघताना ओरखडे पडतात.

४. इलेक्ट्रोडचं थोडक्यात

कटर जिथे पोचत नाही तिथे स्पार्किंग, म्हणजे ईडीएम: इलेक्ट्रोडने ठिणग्या पाडून स्टील काढायचं. इलेक्ट्रोड नेहमी शिंकेज लावलेल्या कोअर-कॅव्हिटीवरून काढायचा, पार्टच्या मॉडेलवरून कधीच नाही. स्पार्क गॅप (इलेक्ट्रोड आणि स्टील यांमधली ठिणगीची जागा) एका बाजूचा की दोन्हीकडचा मिळून, हे नावातच लिहा. फिनिशिंगला एका बाजूला ०.०८ गॅप असेल तर १२ मिलिमीटरच्या खाचेसाठी इलेक्ट्रोड ११.८४ चा. इलेक्ट्रोड होल्डरवर बसवल्यावर सीएमएमवर घ्या आणि होल्डरच्या सेंटरपासून एक्स, वाय, झेड आणि फिरलेला कोन काढून ईडीएमवाल्याला द्या. तांब्याची पातळ रिब प्रोबच्या दाबानेही वाकते, तिथे हलक्या दाबाचं मोड्यूल वापरा.

५. सीएमएमवर जॉब ठेवण्याआधी

लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरायचं, हे जगभर मान्य केलेलं आहे. एप्रिलमध्ये आमच्या शॉपमध्ये ३५ च्या पुढे तापमान असतं. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचा इन्सर्ट ३५ अंशांवरून थेट २० अंशांच्या रूममध्ये नेऊन मोजला, तर तो ५२ मायक्रॉन मोठा दिसेल. अ‍ॅल्युमिनियमचं याच्या दुप्पट. आता सांगा, १० मायक्रॉनसाठी कुणाशी भांडणार? मोठा जॉब आदल्या संध्याकाळी रूममध्ये आणून ठेवा. लहान इन्सर्टलाही दोन-तीन तास द्या, आणि मोजायच्या आधी हातात धरून बसू नका.

बाकी तयारीचं मी नव्या माणसाला एकदा हातानेच करून दाखवतो. बर (कडेला उरलेला धातूचा कंगोरा) काढा, ऑइल स्टोन फिरवा. सर्फेस ग्राइंडरच्या मॅग्नेटवरून आलेला जॉब डीमॅग करा, नाहीतर बारीक कीस डेटमच्या फेसला चिकटून राहतो. कूलंट पुसा. ग्रॅनाइटचं टेबल बिनतंतूच्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाणी टाकू नका. हवेचा दाब आणि फिल्टर बघा. सीएमएमचे अक्ष हवेच्या पातळ थरावर तरंगतात, त्या हवेत पाणी किंवा तेल आलं तर बेअरिंगचं नुकसान होतं आणि ते दुरुस्त करणं फार महागात जातं.

जॉब धरताना घट्ट आवळू नका. पातळ प्लेट क्लॅम्पखाली वाकते, मापं छान येतात, क्लॅम्प सोडला की प्लेट परत आपल्या मूळ वळणावर. तीन टेकूंवर ठेवा आणि हलणार नाही इतकंच धरा.

६. स्टायलस आणि मास्टर बॉल

स्टायलस (प्रोबचा बॉल लावलेला दांडा) जितका आखूड, जाड आणि कमी जोडांचा, तितका चांगला. बॉल जागा देईल तेवढा मोठा. खोल रिबमध्ये १ मिलिमीटरचा बॉल लांब दांड्यावर लावावा लागतो तेव्हा वाकण्याचा परिणाम मापात येणारच, हे धरून चला आणि तेवढंच माप त्याने घ्या. बाकीचा जॉब मोठ्या बॉलने.

प्रत्येक स्टायलस, आणि हेड ज्या ज्या कोनात वळवणार तो प्रत्येक कोन, मास्टर बॉलवर (व्यास नेमका माहीत असलेल्या बॉलवर) क्वालिफाय करायचा, म्हणजे त्याचा आकार आणि जागा मशिनला ओळखवून द्यायची. मास्टर बॉलच्या सर्टिफिकेटवरचा व्यास सॉफ्टवेअरमध्ये तोच आहे ना, ते बघा. बॉल पुसा, स्टायलस पुसा. क्वालिफिकेशननंतर मी एक गोष्ट न चुकता करतो: मास्टर बॉल जागचा न हलवता सगळ्या कोनांनी पुन्हा मोजतो. प्रत्येक कोनाने आलेला बॉलचा सेंटर एकाच जागी यायला हवा. दोन-तीन मायक्रॉनचं इकडेतिकडे आमच्या मशिनला नेहमीचं आहे. एखादा कोन आठ-दहा दाखवू लागला तर स्टायलस सैल आहे किंवा कुठेतरी धूळ आहे. तुमच्या मशिनचे आकडे वहीत लिहीत जा. महिनाभराने तुम्हाला मशिनचा स्वभाव कळतो.

धडक बसली, तर लपवू नका. पुन्हा क्वालिफाय करा आणि सुपरवायजरना सांगा. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना वेग खाली आणा, क्लिअरन्स प्लेन (प्रोब जॉबला न लागता फिरेल ती पातळी) तपासा आणि बोट स्टॉपवर ठेवा.

७. अलाइनमेंट: ३-२-१, आणि मी केलेली चूक

जॉब हवेत सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. प्लेनवरचे तीन पॉइंट त्यातल्या तीन हालचाली बांधतात, बाजूच्या फेसवरची दोन पॉइंटची रेषा आणखी दोन, आणि तिसऱ्या फेसवरचा एक पॉइंट शेवटची. ड्रॉइंगवरचे ए, बी, सी याच क्रमाने घ्यायचे. क्रम बदलला की माप बदलतं, कारण कुठलेच दोन फेस अगदी काटकोनात नसतात.

तीन आणि दोन हे कमीत कमी झाले. प्रत्यक्षात प्लेनला आठ-नऊ पॉइंट, सगळ्या फेसवर पसरून घ्या, रेषेला पाच-सहा. आणि रेषा नेहमी जॉबच्या लांब बाजूला घ्या. हे मी एका कारखान्यात स्वतःच्या हाताने शिकलो. २४० मिलिमीटर लांबीचा कोअर इन्सर्ट होता. लांब बाजू क्लॅम्पने अडलेली, म्हणून मी एका टोकाच्या ४० मिलिमीटरच्या आखूड पायरीवर दोन पॉइंट घेऊन अक्ष बांधला. त्यातल्या एका पॉइंटखाली ०.०१ ची बर राहिली होती. ४० मध्ये १० मायक्रॉन, म्हणजे २४० च्या दुसऱ्या टोकाला ६० मायक्रॉन. रिपोर्टमध्ये त्या टोकाचा शट-ऑफ फेस ०.०६ बाहेर आला. डिझाइनने माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढं मटेरियल काढायला सांगितलं, आणि काढलं. ट्रायलला त्या टोकाला फ्लॅश (फटीतून बाहेर आलेलं प्लास्टिक) आला. इन्सर्ट परत आणून क्लॅम्प बदलून मोजला तेव्हा कळलं की आधी तो बरोबरच होता. वेल्डिंग, पुन्हा मशिनिंग, पुन्हा स्पॉटिंग (फेस नीट टेकतात का ते बघून जुळवणं); तीन दिवस तीन माणसं अडकली.

त्या दिवसापासून एक पद्धत ठेवली आहे. अलाइनमेंट झाल्यावर, मोजायला सुरुवात करायच्या आधी, जॉबच्या दोन लांबच्या टोकांना ज्या जागा आपल्याला माहीत आहेत त्या तपासायच्या: ग्राइंड केलेली बाजू, डॉवेलचं होल. त्या जुळल्या तरच पुढे. आणि एखादं महत्त्वाचं माप बाहेर आलं, तर जॉब उचलून, पुसून, पुन्हा लावून, पुन्हा अलाइन करून मोजायचं. दुसऱ्यांदाही तेच आलं तर रिपोर्ट द्यायचा.

मोल्ड प्लेट मोजताना आणखी एक सांभाळा. चार गाइड पिलरपैकी एक बऱ्याचदा मुद्दाम थोडा सरकवलेला असतो, अर्धे उलटे बसू नयेत म्हणून. होलच्या सेंटरवरून अक्ष बांधणार असाल तर ड्रॉइंगवर तो कोणता ते आधी बघा.

८. पॉइंट किती आणि कुठे

सर्कलला गणितात ३ पॉइंट पुरतात, सिलिंडरला ५. पण ३ पॉइंटचं सर्कल नेहमी अगदी गोल येतं, कारण चूक दाखवायला चौथा पॉइंटच नसतो. होलला आठ तरी घ्या आणि फॉर्मचा (आकार किती बिघडलाय त्याचा) आकडा वाचा. फॉर्म अचानक २० मायक्रॉन आला तर एखाद्या पॉइंटवर घाण आहे, किंवा होल खरंच वाकडं आहे.

छोट्या कंसाची त्रिज्या सीएमएमवर मोजायचा हट्ट धरू नका. आर ५ चा नुसता ३० अंशांचा कंस असेल तर त्याचा फुगवटा ०.१७ मिलिमीटर इतकाच असतो. तिथे मधल्या पॉइंटला ५ मायक्रॉनची चूक झाली की त्रिज्या जवळजवळ ०.१४ ने बदलते. ५.१४ आणि ४.८६ दोन्ही उत्तरं एकाच कंसाची येऊ शकतात. तिथे त्रिज्या ड्रॉइंगप्रमाणे धरून प्रोफाइल किती सुटतं ते मोजा, किंवा प्रोफाइल प्रोजेक्टरवर घ्या.

गाइड बुशचं होल मोजताना सॉफ्टवेअरला सरासरीचं सर्कल मागू नका, आत मावणारं मोठ्यात मोठं सर्कल मागा. पिन त्यातूनच जायची आहे. आणि ट्रू पोझिशन वाचायला शिका: सेंटर एक्समध्ये ०.०३ आणि वायमध्ये ०.०४ सरकला तर तिरकं अंतर ०.०५, पण पोझिशन व्यासावर सांगतात, म्हणून ०.१०. नवी मुलं इथे ०.०५ लिहून जॉब पास करतात.

मशिनची मर्यादाही माहीत हवी. समजा सर्टिफिकेटवर २.५ + एल/३०० (एल म्हणजे मिलिमीटरमधली लांबी, उत्तर मायक्रॉनमध्ये) असं लिहिलंय, तर ३०० मिलिमीटरच्या मापाला मशिन साडेतीन मायक्रॉनपर्यंत चुकू शकतं. ५ मायक्रॉनच्या टॉलरन्सला असं मशिन वापरून उपयोग नाही. कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून करून घ्या. त्यांच्या मापांची साखळी दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसारख्या राष्ट्रीय प्रमाण ठेवणाऱ्या संस्थेपर्यंत पोचते.

९. मॉडेल लोड करून मोजताना

पीसी-डीमिस, कॅलिप्सो, एमकॉसमॉस, सगळ्यांत मॉडेल लोड करून पृष्ठभागावरचे पॉइंट घेता येतात. कोणतं मॉडेल लोड केलंय हे आधी वाचा. स्टील मोजताना शिंकेज लावलेलं, प्लास्टिकचा पार्ट मोजताना मूळ पार्टचं. हे उलटं झालं तर सेंटरजवळ सगळं हिरवं आणि कडेला जाईल तसं लाल, असा नकाशा येतो. तो दिसला की स्टीलला हात लावण्याआधी फाइलचं नाव बघा.

तिरक्या सर्फेसवर प्रोब फेसला लंब दिशेने गेला पाहिजे. २ मिलिमीटरच्या बॉलने जाताना दिशा १० अंशांनी चुकली, तर बॉलच्या त्रिज्येचा हिशेब चुकून १५ मायक्रॉन वाढतात. जॉयस्टिकने हाताने पॉइंट घेताना हे हमखास होतं, म्हणून सर्फेस पॉइंट प्रोग्रॅमनेच घ्या.

बेस्ट फिटचं बटण अगदी हाताशी असतं. ते मॉडेल सरकवून फिरवून चूक सगळीकडे सारखी वाटून टाकतं आणि लाल जागा हिरव्या होतात. नुसता आकार तपासायचा असेल, किंवा कास्टिंगमध्ये मटेरियल पुरतंय का ते बघायचं असेल, तर वापरा. पण इन्सर्ट पॉकेटमध्ये बसणार आहे डेटमच्या फेसवर. तिथे त्याला बेस्ट फिट करून द्यायला कुणी येत नाही. रिपोर्टच्या वर अलाइनमेंट कोणती ते ठळक लिहा.

१०. ट्रायलनंतर

प्लास्टिकचे पार्ट मोल्डमधून निघाल्यावर लगेच मोजू नका. आम्ही २४ तास ठेवतो. नायलॉन तर हवेतली ओल शोषून त्यानंतरही वाढतं. सुधारणा ठरली की ती आधी मॉडेलमध्ये करा, रिव्हिजन वाढवा, मग मशिनला द्या. रात्रपाळीत मशिनवर ऑफसेट देऊन ०.०३ काढलं आणि मॉडेल तसंच राहिलं, तर दोन वर्षांनी इन्सर्ट तुटून नवा करायची वेळ येते तेव्हा ती ०.०३ परत येते. असे कागदावर न आलेले आकडे शोधण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

सरावासाठी स्क्रॅपच्या रॅकमधून एखादा जुना इन्सर्ट मागून घ्या. नुसत्या व्हर्नियर, हाइट गेज आणि सर्फेस प्लेटवर मोजून त्याचं मॉडेल काढा. शून्य तुम्ही ठरवा आणि मार्करने इन्सर्टवरच लिहा. मग सीएमएम मोकळं असेल तेव्हा, साधारणपणे संध्याकाळी सातनंतर, त्याच शून्यावर अलाइन करून तोच इन्सर्ट मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. पहिल्यांदा ०.१ पर्यंत फरक येईल. मोठा फरक असलेलं प्रत्येक माप घेऊन सर्फेस प्लेटवर परत जा आणि तो कुठून आला ते शोधा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे तीन वेगवेगळ्या इन्सर्टवर करायला लावतो, तिसरा मुद्दाम ड्राफ्टवाला देतो, आणि त्यांनी आकडे आणून दाखवले की पहिल्यांदा विचारतो, "कुठून?"